आबाजींचे आठ भाडेकरू

तळवड्यात आबाजींचं घर कुठं आहे, असं कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारलं, तर टपरीवाला आधी तुम्हाला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळतो आणि मग म्हणतो, "खोली बघायला आलाय व्हय? जाऊन या. नुसतं जाऊन या."

त्याचं असं आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यात जमीन गेली, तेव्हा गावातल्या सगळ्यांनी जे केलं तेच आबाजींनीही केलं. घरामागच्या मोकळ्या जागेत खोल्या बांधल्या. खाली चार, वर चार. प्रत्येकीला ओटा, मोरी आणि निळं दार. या भागात पूर्वी सोयरीक जुळवताना विचारायचे, एकर किती? आता विचारतात, खोल्या किती? त्या हिशेबानं आबाजी आठ खोल्यांचे बागायतदार झाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खोल्या गिलावा वाळायच्या आत भरल्या. चाकणच्या कंपन्यांत रोज नवी पोरं येत होती आणि गादी टाकायला जागा मिळेल तिथं राहत होती. आबाजींच्या खोल्यांत मात्र एकही माणूस राहायला आला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांच्या पत्नीचं, विमलबाईंचं.

विमलबाई भाडेकरूची मुलाखत घेत. एक पोरगा सगळ्या प्रश्नांत पास झाला आणि जिना उतरताना शिट्टी वाजवली म्हणून नापास झाला. एक जोडपं चांगलं होतं, पण त्यातली बाई नवऱ्याला नावानं हाक मारत होती आणि नवरा 'ओ' देत होता, हे दोन्ही विमलबाईंना पटलं नाही. त्यातूनही कुणी तगलाच तर शेवटी नियम यायचा. फाटक रात्री दहाला बंद. दहानंतर उघडणार नाही. चाकणची दुसरी शिफ्ट सुटायची साडेअकराला आणि कंपनीची बस चौकात सोडायची बाराला. हा नियम पाळू शकेल असा पुरुष अख्ख्या पंचक्रोशीत एकच होता, आणि तो आधीच त्या घरात फुकट राहत होता.

माणसं आली नाहीत म्हणून खोल्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत. एकीत कांदे आले. एकीत बैल विकल्यावर उरलेली कडबाकुट्टी आली. एकीत मंडळाचे ढोल आले, 'गणपती झाला की नेतो' म्हणून ठेवले होते. गणपती किती झाले ते ढोलांनाच ठाऊक. विमलबाईंच्या भावाचं कपाट आलं, लोकांच्या लग्नाला द्यायची मोठी पातेली आली. आठव्या खोलीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण आतून काहीतरी आडवं पडून दार अडलं होतं.

आबाजींचं या कशाविषयी काही म्हणणं नव्हतं. माणूस उंच, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि स्वभावानं इतका सरळ की उसाच्या गुऱ्हाळावर काटा त्यांच्या हाती देऊन मालक जेवायला जायचा. त्यांना खोटं बोलता येत नसे असं नाही. येत असे, पण बोलले की त्यांचे कान लाल होत. अगदी पिकलेल्या मिरचीसारखे. त्यामुळं खोटं बोलायची वेळ आली की आबाजी आधी टोपी दोन्ही हातांनी खाली ओढून कानांवर घेत आणि मग बोलत. ही खूण साऱ्या गावाला माहीत होती. आबाजींना वाटे, टोपीमुळं कुणाला कळत नाही.

पाच वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी ती टोपी जी ओढली, तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली.

त्या दिवशी सांगवीचे उद्धवराव घर बघायला आले होते. आबाजींचा मुलगा अजिंक्य आणि उद्धवरावांची मुलगी निशिगंधा, दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायचं, एवढं उरलं होतं. उद्धवराव दोन गाड्या भरून माणसं घेऊन आले. स्वतः उद्धवराव भारदस्त, मिशा भारदस्त, बोलणं मोजून. पोहे झाले, चहा आला. उद्धवरावांनी बशी खाली ठेवली आणि खिडकीतून मागं बघत म्हणाले, "खोल्या दिसतात बऱ्याच."

आबाजी तोंड उघडणार तोच दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. हातात टॅब. "मिळकतींचा सर्व्हे चाललाय, काका. एकच विचारायचंय. मागच्या खोल्या तुमच्या स्वतःच्या वापरात आहेत की भाड्यानं दिल्यात?"

कुणाचा तरी चमचा बशीवर थांबला. आबाजींनी दोन्ही हात वर नेले आणि टोपी ओढली.

"भाड्यानं!" ते म्हणाले. "आठच्या आठ!"

"सगळ्या?"

"एक रिकामी ऱ्हात न्हाई. लोक नंबर लावत्यात."

बाईंना तेवढं पुरेसं होतं. त्या टॅबवर टिचक्या मारून निघायच्या बेतात होत्या. पण आबाजींचा गाडा उताराला लागला होता. "पयल्या खोलीत समाधान इंजिनेर, लातूरचा. चाकणला मोठ्या कंपनीत हाय. लई गुणी पोरगा. दुसरीत नर्सबाई. तिसरीत मास्तर. चौथीत…" चौथीपाशी ते जरा अडखळले आणि स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या विमलबाईंच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "चौथीत बी एक मास्तरच."

"इथं सही करा, काका," बाई म्हणाल्या. आबाजींनी सही केली. टॅबच्या काचेवर बोटानं, झोकात.

पाहुणे निघताना उद्धवरावांच्या पत्नी सुभद्राबाई फाटकाशी घुटमळल्या. "भाडेकरू कुणी दिसले नाहीत ते."

"ड्युटीला गेल्यात."

"मास्तरसुद्धा? आज रविवार."

आबाजींच्या टोपीला आणखी खाली यायला जागा उरली नव्हती. "शिकवणी," ते म्हणाले.

गाड्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर विमलबाई एवढंच बोलल्या, "तिसऱ्या खोलीत मास्तर ऱ्हातोय व्हय? मंग त्याला म्हनावं, कांदं जरा पलटी मार."

लग्न ठरलं. आणि त्याच सुमारास पालिकेचं बिल आलं. स्वतःच्या वापरातल्या खोलीला घरपट्टी वेगळी आणि भाड्याच्या खोलीला वेगळी, आणि ती 'वेगळी' किती वेगळी, हे आबाजींना त्या दिवशी कळलं. त्यांनी बिल दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ऑफिसात जाऊन 'चुकून बोललो' म्हणणं सोपं होतं. पण तिकडं पंचनामा होणार, गावात कुजबुज होणार, कुजबुज नदी ओलांडून सांगवीला पोचणार, आणि उद्धवराव म्हणणार, पाव्हणा पहिल्याच दिवशी खोटं बोलला. लग्न झाल्यावर सांगू, असं आबाजींनी ठरवलं. लग्न झाल्यावर ठरवलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी दरवर्षी होत राहिली.

भाडेकरू मात्र लग्नाआधी हलवणं भाग होतं, कारण आता सूनच घरात येणार. आठ दिवस आधी आबाजींनी उद्धवरावांना फोन करून सांगितलं, आठही भाडेकरू सोडून गेले. एकदम बदल्या झाल्या.

"अरे अरे," उद्धवराव म्हणाले. "नर्सबाईंचीसुद्धा?"

"तिची तर पयली."

त्यानंतर आबाजी दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बिल घरात कुणाच्या हाती पडायच्या आत, भरणा केंद्रावर जाऊन भाडेकरूंचा सगळा कर भरून येत आणि पावती ढोलात टाकत. मंडळाचा एक ढोल फुटका होता. त्यात पाच वर्षांच्या पावत्या साठल्या. भाडं कुणी देत नव्हतं, कर मात्र आठांचा. गावात बाकीचे लोक भाडेकरू लपवून कर चुकवतात अशी बोलवा होती. आबाजी नसलेले भाडेकरू दाखवून भरत होते. त्यांच्या मते हा रविवारच्या त्या खोट्याचा हप्ता होता आणि तो इमानानं भरणं हाच त्यातल्या त्यात खरेपणा होता.

सून आली ती लाखात एक. तळवड्याच्याच आयटी पार्कात नोकरीला. कुठलाही फॉर्म दिसला की तिचे डोळे लकाकत. तिनं विमलबाईंचं आधार नीट केलं, रेशनकार्डावरचं तीन पिढ्यांचं चुकलेलं वय नीट केलं. सासऱ्याला ती 'आबा' म्हणे. अधूनमधून, चहा देताना, अगदी सहज विचारी, "आबा, ते पहिल्या खोलीतले समाधान इंजिनियर. त्यांचं लग्न झालं का हो?" आबाजी टोपी ओढत. "ठरत आलंय." निशिगंधा "बरं झालं" म्हणून आत जाई.

आणि मग यंदा मार्चमध्ये तिनं घरातल्या सगळ्या बिलांना आपला मोबाइल नंबर जोडला. तिसऱ्याच दिवशी जेवताना तिचा फोन टुणकन वाजला. तिनं वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"आबा, आपल्या खोल्या अजून भाड्यानं दाखवल्यात! कर बघा किती लावलाय."

अजिंक्यनं ताटातली भाकरी उचलली आणि "मला उद्या फर्स्ट शिफ्ट आहे" म्हणून तो उठला. घरात काहीही निघालं की त्याला फर्स्ट शिफ्ट असे.

"भाडेकरू कधी गेले?" निशिगंधानं विचारलं.

"लग्नाच्या आठ दिस आधी," विमलबाई म्हणाल्या. त्या भाजीकडं बघत होत्या, पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलत होता.

"म्हणजे तेव्हापासून आपण फुकटचं जास्त भरतोय. स्वतःच्या वापराची सवलत मागच्या तारखेपासून मागता येते. मी अर्ज करते."

"जाऊ दे की, पोरी," आबाजी म्हणाले. "पालिका काय परकी हाय?"

"आबा, तुमच्या घामाचे पैसे आहेत."

आबाजींनी टोपी ओढून सांगितलं तसं तिनं लिहिलं: भाडेकरू अमुक तारखेला खोल्या सोडून गेले, तेव्हापासून खोल्या आमच्याच वापरात. अर्ज गेला. आबाजींनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामात दिरंगाई व्हावी म्हणून देवाला नारळ बोलला. पण तीन आठवड्यांत उत्तर आलं.

अर्ज नामंजूर. सर्वेक्षणाच्या वेळी मालकानं स्वतः सही करून भाडेकरू असल्याचं सांगितलेलं आहे. ते गेले याला पुरावा नाही. भाडेकरार आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंद सादर करावी. निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत अपील.

"हरकत नाही," निशिगंधा म्हणाली. "अपील करू. आबा, करारनामे कुठं आहेत?"

"तोंडी व्हते."

"आणि पोलिसांकडं नोंद?"

आबाजी चष्मा पुसू लागले.

"आबा, आठ भाडेकरू आणि एकाचीही नोंद नाही? हा गुन्हा आहे. कुणी चौकशी लावली तर तुम्हाला चौकीत बसवतील."

आबाजींपुढं आता दोनच वाटा होत्या. एक, नसलेल्या भाडेकरूंची नोंद केली नाही म्हणून पोलीस चौकीत जायचं. दुसरी, खरं काय ते सुनेला आणि व्याह्यांना सांगायचं. अर्धा दिवस आबाजींचा कल चौकीकडं होता.

उरलेल्या अर्ध्या दिवसात त्यांना तिसरी वाट सुचली. निघोज्याच्या चौकात ज्योतीराम नावाचा खोल्यांचा एजंट बसतो. मूळचा धाराशिवकडचा, पत्र्याची टपरी, एक टेबल आणि अख्ख्या पट्ट्यातल्या खोल्यांची माहिती डोक्यात. आबाजी रिक्षानं त्याच्याकडं गेले, आजूबाजूला बघितलं, आणि टोपी ओढून म्हणाले, "ज्योतीराम, भाडेकरू पायजेल."

"देतो की! काकूंनी फाटकाचा नियम काढला का?"

"तसा न्हवं. पाच वर्सांमागं ऱ्हाऊन गेलेला पायजेल. नुसतं येऊन म्हनायचं, मी ऱ्हात व्हतो, नंतर सोडून गेलो."

ज्योतीरामनं चहाचा कप टेबलावर ठेवला. "आबा, काय करायलाव तुमी हे? धा वर्सं झाली धंदा करायलो. लोकं माज्याकडं भाडेकरू लपवायला येतेत. दाखवायला आलेला तुमी पैलेच."

"एक तरी बघ. समाधान नावाचा. इंजिनेर. लातूरचा असला तर लई बेस."

"आन गोरा पायजे का सावळा?" ज्योतीराम म्हणाला. "बरं, नाव लिवून ठेवतो. पण खोटी साक्ष देनारं माणूस मी देत नसतो, सांगून ठेवतो. माजा धंदा इमानाचा हाय." असं म्हणून त्यानं वहीत 'समाधान, लातूर, आबाजी तळवडे' एवढं टिपून ठेवलं आणि चहाचे पैसे आबाजींना द्यायला लावले.

अपिलाची तारीख आली. आदल्या दिवशी संध्याकाळी निशिगंधा कागद लावत बसली होती. "आबा, काळजी करू नका. साक्षीदार मिळाला."

"कोन?"

"पप्पा. सर्व्हे झाला त्या दिवशी ते इथंच होते ना? सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालंय."

त्या रात्री आबाजी जेवले नाहीत. विमलबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "अवं, सांगून मोकळं व्हा की. आठ मानसं पाच वर्सं डोक्यावर घेऊन फिरताय."

"उद्धवराव काय म्हनतील?"

"काय म्हनतील? पोरगी परत न्हेतील? त्येंची पोरगी आता माज्याबी हाताबाहेर गेलीया."

करसंकलनाच्या ऑफिसात सुनावणी होती. टेबलापलीकडं अंजली मॅडम नावाच्या अधिकारी, समोर फायलींचा ढीग आणि शेजारी थंड झालेला चहा. अलीकडं खुर्च्यांवर आबाजी, निशिगंधा आणि इस्त्रीच्या कडक कपड्यांतले उद्धवराव. मॅडमनी सर्वेक्षणाचा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. त्या सर्व्हेवाल्या बाई फारच इमानी निघाल्या होत्या. त्यांनी सगळं लिहिलं होतं.

"खोली एक. समाधान, अभियंता, लातूर. शेरा: मालकाच्या मते गुणी." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "खोली दोन, परिचारिका. तीन, शिक्षक. चार, शिक्षक. पुढच्या चारांत कोण होतं?"

"पुढं सही घेतली," आबाजी पुटपुटले.

"ठीक. उद्धवराव, तुम्ही त्या दिवशी हजर होता. भाडेकरू तुम्ही पाहिले?"

आबाजींनी डोळे मिटले. आता उद्धवराव म्हणणार, नाही पाहिले. एक चप्पलसुद्धा नाही पाहिली. पाच वर्षांचं खोटं आता या टेबलावर उताणं पडणार.

"पाहिले की," उद्धवराव म्हणाले.

आबाजींनी डोळे उघडले.

"भरलेल्या होत्या खोल्या. गजबज होती," उद्धवराव मिशीवरून हात फिरवत सांगत होते. "इंजिनियर तर काय, हसतमुख मुलगा. मास्तरांनी मला वाकून नमस्कार केला."

"कोणत्या मास्तरांनी? तीनच्या की चारच्या?"

"दोघांनी."

"पप्पा," निशिगंधा दबक्या आवाजात म्हणाली. पण उद्धवराव आता थांबेनात. नर्सबाईंनी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं होतं, म्हणाले. थोडं जास्तच निघालं.

मॅडम लिहीत होत्या. "म्हणजे सर्व्हे बरोबर होता. भाडेकरू होतेच. आणि गेल्याचा पुरावा नाही. मग अपील फेटाळावं लागेल. शिवाय आठ जणांची पोलीस नोंद नसल्याचं कळवावं…"

"थांबा!" आबाजी उभेच राहिले. "पाव्हणं, काय बोलताय ह्ये? मास्तर तुमाला नमस्कार कसा करंल? मास्तर न्हवताच!"

"आबासाहेब, तुम्ही बसा. मी बघतो."

"बसतो कसला! मॅडम, ह्यो मानूस खोटं बोलतोय. म्हंजे मानूस सोन्यासारखा हाय, पर खोटं बोलतोय. मूळ खोटं मी बोललो. कुनी न्हवतं खोल्यांत. इंजिनेर न्हाई, नर्स न्हाई. कांदं व्हते, ढोल व्हते, मेव्हण्याचं कपाट व्हतं. पाव्हणं घर बघायला आल्यालं, त्येंच्यासमोर म्हनायचं कसं, आठ खोल्या बांधल्या आन बायकोनं एक भाडेकरू टिकू दिला न्हाई? म्हनून बोललो. ल्ह्या."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं शिक्का मारायचं थांबवलं. आबाजींच्या लक्षात आलं की बोलताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली आहे. कान अगदी उघडे.

"मला ठाऊक आहे," उद्धवराव म्हणाले.

"काय?"

"तेच. कांदे."

"कवापासनं?"

"त्याच दिवसापासून. हात धुवायला मागं आलो होतो. तिसऱ्या खोलीची खिडकी उघडी होती. मास्तर दिसेनात."

"मंग आत्ता ह्ये नमस्कार, ब्लडप्रेशर?"

"व्याह्यांचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा का मी?" उद्धवराव जरा दुखावल्या सुरात म्हणाले. "तुम्ही ज्या अर्थी पाच वर्षं तो शब्द धरून बसलाय, त्या अर्थी काहीतरी महत्त्वाचं असेल, असं समजलो."

"तुमच्या या मानापमानात चांगली केस बुडत होती," मॅडम म्हणाल्या.

आबाजी खाली बसले. मग मनात पाच वर्षं अडकलेला प्रश्न त्यांनी विचारला. "पन पाव्हणं, समदं म्हाईत असून पोरगी दिलीच कशी?"

"गाडीत बसल्यावर हिची आई म्हणाली, सासरा खोटं बोलतोय. मी म्हणालो, बोलतोय खरा, पण बघ किती वाईट बोलतोय. कान बघितलेस का? असल्या माणसाला उभ्या जन्मात कुणाला फसवता यायचं नाही. पोरीला काळजी नाही."

आबाजींनी सुनेकडं बघितलं. "तुला बी ठावं व्हतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईंनी पातेलं आणायला मागं पाठवलं होतं," निशिगंधा म्हणाली. "कोळ्याची जाळी बघितली. आठ दिवसांत एवढी होत नाहीत."

"आन बोलली न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. दर महिन्याला समाधान इंजिनियरांची चौकशी करत होते ती उगाच का?"

असं म्हणून तिनं पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला आणि मॅडमसमोर ठेवला. विजेची बिलं, सर्व्हेच्याही आधीपासूनची. घराला आणि मागच्या खोल्यांना मिळून एकच मीटर, आणि महिन्याचा वापर तीन माणसांचा, लग्नानंतर चार. आठ भाडेकरू अंधारात बसून राहिले असतील तरच जुळेल असा आकडा. त्याखाली फुटक्या ढोलातल्या पाच पावत्या, सरळ करून, टाचणी लावून. ढोलही तिला माहीत होता.

मॅडमनी सगळं चाळलं. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची त्यांना सवय होती, पण 'मालकाच्या मते गुणी' या ओळीपाशी पुन्हा गेल्यावर त्यांनी थंड चहाचा कप उचलून तोंडाशी धरला. "सर्व्हेची माहिती तुम्ही स्वतः दिलीत, आबाजी. त्यामुळं पहिल्या दोन वर्षांचं काही परत मिळणार नाही. ते तुमच्या बोलण्याचं. पुढच्या तीन वर्षांचा फरक येत्या बिलांत वळता करून घेता येईल. पण आधी आमचा माणूस जागेवर येऊन बघेल. खोल्या खरंच तुमच्याच वापरात पाहिजेत. त्या दिवशी नवं काही सांगू नका."

"न्हाई जी," आबाजी म्हणाले. दोन वर्षं गेली याचं त्यांना काही वाटलं नाही. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना ते उद्धवरावांचा हात धरून चालले होते, आणि उद्धवराव विचारत होते, "चौथीतही मास्तर कुठून काढलात हो?"

पाहणी गुरुवारी झाली. निरीक्षक साहेब तक्ता घेऊन एकेक निळं दार उघडत गेले. मागं आबाजी, त्यांच्या मागं विमलबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन. साहेब मोठ्यानं म्हणत आणि लिहीत. "खोली तीन, कांदे. चार, कपाट. पाच, कडबाकुट्टी. सहा, ढोल… किती?" आठव्या खोलीचं दार दोघांनी खांदा लावून उघडलं. आत एक जुनं पाळण्याचं लाकूड आडवं पडलं होतं, आणि एवढी वर्षं कुठं गेला म्हणून विमलबाई ज्याच्यासाठी अख्ख्या भावकीवर संशय घेत होत्या तो पाटा होता. विमलबाई पाट्याकडं बघत राहिल्या आणि भावकीतल्या तिघांची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्यानं मागितली नाही.

फक्त पहिली खोली अगदीच मोकळी निघाली. एक रिकामं पोतं, बस्स.

"ही बी आमचीच," आबाजी म्हणाले. "हितं दुपारी मी पडतो." कान जागच्या रंगाचे होते. ते खरंच पडत असत.

साहेब सहीसाठी पेन काढणार, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. एक तरुण आत आला. पाठीवर सॅक, हातात गादीची वळकटी, घामाघूम.

"आबाजींचं घर हेच ना? ज्योतीरामभाऊंनी पाठवलंय. म्हणाले, तुम्ही खास माझीच चौकशी केली होती. मी समाधान. लातूरचा. चाकणला कंपनीत लागलोय, इंजिनियर म्हणून."

निरीक्षकांनी आबाजींकडं बघितलं. तक्त्याला जोडलेला सर्व्हेचा तो जुना कागद त्यांनीही वाचलेला होता.

आबाजींचे हात सवयीनं टोपीकडं गेले. सोपं होतं. 'नंतर ये, बाबा, आज पाव्हणं हायेत' एवढं म्हणायचं. अर्ध्या तासात साहेब सही करून जातील, मग काय ते बघू. त्यांनी त्या पोराच्या गादीकडं बघितलं, पायऱ्यांवर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडं बघितलं. आणि हात खाली घेतले.

"सायेब, सात ल्ह्या आमच्या वापरात," ते म्हणाले. "पयली खोली आजपासनं भाड्यानं. करार करतो, चौकीत नोंद करतो, तिचा कर काय असंल त्यो लावा. पन आजपासनं. पाच वर्सांमागं ह्यो न्हवता."

"तेव्हा मी बारावीला होतो," समाधान गोंधळून म्हणाला.

साहेबांनी तक्त्यावर आठ खोडून सात केले, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं, "गुणी आहे का?"

"त्ये ही सांगंल," आबाजींनी विमलबाईंकडं बोट केलं.

विमलबाई पुढं झाल्या. "फाटक धाला बंद व्हतं."

"काकू, माझी सेकंड शिफ्ट असते. बारा होतात."

समाधानला घेऊन आलेला रिक्षावाला मजा बघायला फाटकाशी थांबला होता, त्यानं रिक्षा बंद केली.

"शिट्टी वाजवतोस?"

"नाही."

"कांदं उचलशील? तिसऱ्या खोलीतलं पलटी मारायचं ऱ्हायलंय."

"उचलतो की."

विमलबाईंनी जुडग्यातून फाटकाची किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि वळकटीकडं बघून म्हणाल्या, "गादी आधी उन्हात टाक."

निशिगंधा पायरीवरून खाली आली आणि तो चहाचा कप तिनं समाधानपुढं धरला.

"या," ती म्हणाली. "आबा, समाधान इंजिनियर आले बघा बदलीवरून. लग्नाचं तुम्हीच विचारा आता."